हरवलेल्यानं जागचं हलायचं नाही

मोठ्या दुकानातल्या सरकत्या जिन्याच्या तोंडाशी आईनं हात सोडवून घेतला. झटकला वगैरे नाही. नाकावरचा चष्मा काढावा तसा सहज काढून घेतला, सरकत्या पायरीवर उजवा पाय ठेवला आणि निघाली वर. मुलीचा हात हवेत तसाच राहिला. ती सावरते न सावरते तोवर मध्ये एक जाडे गृहस्थ घुसले, त्यांच्या मागे त्यांची खोकी घुसली, आणि आई वर चाललेली, ही खालीच, असं होऊन बसलं. गृहस्थांच्या खांद्यावरून तिला आईची पाठ तेवढी दिसत होती. पाठ ताठ. कठड्याला हात लावलेला नव्हता. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईनं कठडा धरू नये याला हिंमत म्हणायचं की भान सुटणं म्हणायचं, हे तिला ठरवता येईना. वर पोचल्यावर आई बाजूला होऊन उभी राहिली होती. "केवढा वेळ लावलास," एवढंच म्हणाली.

ठरवणं हाच तर मुलीचा धंदा होता. मुलगी आपली नात्यानं म्हणायची. वयानं ती पन्नाशी ओलांडून गेली होती आणि विमा कंपनीत नुकसान पाहणाऱ्यांत वरच्या जागेवर होती. जळालेलं गोदाम, पाणी शिरलेलं तळघर, चेपलेली गाडी, काहीही असो, हिनं जायचं, मालक समोर रडत असला तरी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघायचं, तडा जुना की नवा ते ओळखायचं आणि सांगायचं की हे दुरुस्त होण्यातलं आहे की मोडीत काढण्यातलं. तिचा शब्द सहसा कुणी फिरवत नसे. आज सकाळपासून ती त्याच डोळ्यांनी आईकडे बघत होती आणि आईला याचा पत्ता नाही अशी स्वतःची समजूत घालत होती. हे काम तिला दादानं लावून दिलं होतं. "एक दिवस तिला बाहेर ने," तो फोनवर म्हणाला होता. "नीट बघ आणि संध्याकाळी मला सांग. एकटी राहू शकते म्हणालीस तर राहू दे. नाही म्हणालीस तर पुढच्या महिन्यात मी तिला इकडे आणतो आणि तिचं घर काढून टाकतो. तू म्हणशील ते शेवटचं, मला यात वाईटपणा नको." वाईटपणा दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची दादाची खोड तशी जुनीच; लहानपणी कपबशी फुटली की तो असाच शहाण्यासारखा बाजूला उभा राहायचा. पण त्याचंही अगदीच चूक नव्हतं. मागं एकदा आई भाजी आणायला म्हणून सकाळी बाहेर पडली ती दिवेलागणीला घरी आली. फोन घरीच राहिलेला. शेजारीण घाबरली, तिनं दादाला कळवलं, दादानं हिला, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना आई रिकामी पिशवी हलवत जिना चढून आली. "बसमध्ये बसायला खिडकी मिळाली, म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले," असं तिनं सांगितलं. दादाचा विश्वास बसला नाही. ती चक्क हरवली होती, तो म्हणाला, आणि आता ते झाकतेय. जुना तडा की नवा, हे मुलीला फोनवरून सांगता येत नव्हतं.

तर आज ती बघत होती. आईच्या दारात उभी राहिल्यापासून बघत होती. दार उघडून आईनं स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली होती, "कशी दिसते?" असं विचारलं होतं, आणि "छान" म्हणताना हिची नजर आईच्या खांद्यावरून आत गॅसच्या बटणांवर गेली होती. बटणं बंद होती. बसमध्ये चढताना आईचा डावा गुडघा जरा अडला, तो हिनं टिपला. चष्म्याच्या दुकानात आईनं दांडीचा ढिला स्क्रू पिळून घेतला आणि दुकानदाराला भलत्याच नावानं हाक मारली. पण दुकानदार हसून म्हणाला, "ते माझे वडील. मी त्यांच्यासारखाच दिसतो, सगळेच चुकतात." मग हे धरायचं की सोडायचं? सगळेच चुकतात, पण सगळ्यांचे मुलगे त्यांना आपल्याकडे घेऊन जायला निघालेले नसतात. तिनं ते अर्धं धरलं. आणि अर्धं धरलं याची तिला लगेच लाज वाटली, इतकी की तिनं आईच्या हातातली पर्स काढून घेतली आणि "दे, मी घेते" म्हणत आपल्या जड पिशवीत कोंबली. उपकार केल्यासारखं वाटून तिला जरा बरं वाटलं.

वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात त्यांनी सूप आणि पाव घेतला. काचेला लागून टेबल होतं, खाली रस्ता, रस्त्यावर माणसांची डोकी. आई चमचा तोंडाशी नेताना तो किंचित थरथरतो, हे मुलगी बघत होती, आणि आई बघत होती ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोरीकडे. पोरगी टेबलाशी आल्यावर आई तिला म्हणाली, "पाठ ताठ ठेव गं, बाळ. आतापासून वाकलीस तर माझ्या वयाला जमिनीला टेकशील." पोरगी आधी दचकली, मग हसली, आणि खरोखरच ताठ होऊन निघून गेली. मुलगी मात्र कानकोंडी झाली. आई शाळेत खेळाची बाई होती. आख्ख्या शाळेच्या पाठी ताठ करून तिनं निवृत्ती घेतली होती आणि ती सवय काही निवृत्त झालेली नव्हती. "तूसुद्धा," आई पावाचा तुकडा मोडत म्हणाली, "हल्ली फार पुढे वाकून चालतेस. काय शोधत असतेस खाली?" मुलगी म्हणाली, "काही नाही गं, पिशवी जड असते." आणि तिनं सूप ढवळायला घेतलं. सुपाचा वास कोमट, मिरीचा होता. त्या वासाशी काही संबंध नसताना तिला मैदान आठवलं.

मैदान म्हणजे आंतरशालेय स्पर्धांचं. ती सहा वर्षांची असेल. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आई तिला बरोबर घेऊन गेली होती. चुन्याच्या पांढऱ्या रेषा आखलेल्या, पंचवीस शाळांची पोरं, सगळ्यांच्या अंगात पांढरंच, आणि धूळ. आईनं तिला पाण्याच्या टाकीजवळच्या एका रेषेवर उभं केलं आणि सांगितलं, "गोटे, इथून हलायचं नाही." लहानपणी ती गोल गरगरीत होती म्हणून गोटी, पुढे उंच होऊन वाळली तरी आईच्या तोंडी गोटीच राहिली. आईनं तेव्हाच तिला तो नियम शिकवला. शाळेच्या प्रत्येक सहलीत, प्रत्येक मैदानावर ती तो पोरांकडून घोकून घ्यायची: हरवलेल्यानं जागचं हलायचं नाही, शोधणाऱ्यानं हिंडायचं, दोघंही हिंडले तर दोघंही हरवतात. गोटी रेषेवर उभी राहिली. शर्यती झाल्या, बिगूल वाजले, ऊन टाकीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेलं. कुणीतरी बाई म्हणाली, "चल, तुला आईकडे नेते," तर ती नको म्हणाली. तिला लघवीला लागली होती, रडू येत होतं, चुना तिच्या चपलांना लागला होता, आणि सगळ्यांत मोठी भीती ही की आई विसरली असेल. मग धुळीतून आई आली होती, लांब ढांगा टाकत, गळ्यात शिट्टी उड्या मारतेय अशी. जवळ घेतलं नव्हतं तिनं. खांद्यावर थाप मारून म्हणाली होती, "शाब्बास." त्या एका शब्दाची ऊब मुलीला पुढं कितीतरी वर्षं, परीक्षेच्या हॉलमध्ये, मुलाखतीच्या खुर्चीवर, एकदा तर बाळंतपणाच्या टेबलावरही पुरली होती. "सूप निवतंय," आई म्हणाली.

बुटांच्या विभागात त्यांची जुंपली. आईला लेस बांधायचे पांढरे बूट हवे होते, पळायचे असतात तसे. मुलीनं चिकटपट्टीचे काढून आणले. "हे बरे. वाकायला नको, बांधायला नको." आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "हे बालवाडीतले आहेत." "अगं, पण तुझा गुडघा..." "गुडघा माझा आहे ना? मग तो माझ्याशी बोलेल." विक्रेता गालातल्या गालात हसला आणि पांढऱ्यांची पेटी उघडून बाजूला झाला. आईनं बाकावर बसून, जुने बूट शेजारी नीट जोडून ठेवून, नवे घातले. लेसचा एक फेर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. मुलीनं तिन्ही वेळा पाहिलं. "चालून बघते," म्हणून आई उठली आणि रांगेच्या टोकाकडे निघाली. नेमका तेव्हाच दादाचा फोन आला. आईसमोर बोलण्यासारखं ते बोलणं नव्हतं. म्हणून मुलगी पिशवी उचलून रांगेच्या पलीकडे गेली, तिथंही एक बाई आरशासमोर उभी होती म्हणून आणखी पलीकडे, प्रवासी बॅगांच्या ढिगामागे. "काय वाटतंय?" दादानं विचारलं. "अजून काही सांगता येत नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गुडघा आहे. हात जरा थरथरतो. चष्मेवाल्याला चुकीची हाक मारली." स्वतःचा आवाज तिला कामावरच्यासारखा ऐकू आला, सपाट, आणि तो ऐकून तिलाच कसंतरी झालं. "मग झालंच की," दादा म्हणाला. "संध्याकाळी सांगते म्हटलं ना," म्हणून तिनं फोन ठेवला आणि परत आली. बाकावर जुने बूट होते. आई नव्हती.

आधी ती शांत होती. रांगेच्या टोकाला जाऊन आली. मग पुढच्या रांगेच्या. मग आईचा फोन लावला, आणि तो तिच्याच पिशवीत, आईच्या पर्समध्ये, गुरगुरायला लागला. पर्स हिच्याकडे, फोन हिच्याकडे, घराची किल्ली हिच्याकडे. आईजवळ एक पैसे न भरलेला नवा बुटांचा जोड तेवढा होता. ती चालायला लागली, मग भराभरा चालायला लागली. आईला नियम माहीत आहे, ती मनात म्हणत होती, हरवलेल्यानं हलायचं नसतं, आईच तर शिकवते, मग ती बाकावर का नाही? नियमसुद्धा विसरली असेल तर मग खरोखरच संपलं. भांड्यांचा मजला, पडद्यांचा मजला, दिव्यांचा मजला. शंभर दिवे एकदम लागलेले आणि त्यांच्याखाली एकही ओळखीचं डोकं नाही. सगळ्या म्हाताऱ्या बायका पाठीमागून आईसारख्या दिसत होत्या, फक्त वाकलेल्या. एकीच्या खांद्याला तिनं हातही लावला आणि माफी मागितली. दादाला काय सांगायचं? एक दिवस बाहेर नेली आणि हरवून आले? आणि या भीतीच्या तळाशी, अगदी खाली, सुटल्यासारखं काहीतरी होतं: आता ठरवायला नको, आपोआप ठरलं. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती जिन्याच्या कठड्याला धरून उभीच राहिली. इतकी तिला स्वतःची शिसारी कधी आली नव्हती.

तळमजल्यावर चौकशीच्या टेबलामागे एक पोक्त बाई बसल्या होत्या. "माझी आई हरवलीय," मुलगी म्हणाली, आणि पन्नाशीतल्या बाईच्या तोंडून ते वाक्य इतकं विचित्र निघालं की तिचं तिलाच रडू फुटायला आलं. "वय?" "पंचाहत्तरच्या पुढं." "कपडे कोणते?" मुलीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गुडघा तिला दिसत होता. थरथरता चमचा दिसत होता, लेसचा चुकलेला फेर दिसत होता. आईच्या अंगावर काय होतं? राखाडी? तपकिरी? सकाळपासून तिनं आईवरून नजर हलवली नव्हती आणि आईनं काय घातलंय ते तिला सांगता येत नव्हतं. "पांढरे बूट आहेत," ती कशीबशी म्हणाली. "नवे."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा वर. "तुम्ही थांबा जरा," त्या म्हणाल्या. "उंच. निळा शर्ट, वरून दुसरं बटण तुटलेलं, त्या जागी टाचणी. डाव्या खांद्याला जड पिशवी. पुढे वाकून चालते. केस स्वतःच कापलेत, मागं एक बट लांब राहिलीय. तुम्हीच ना त्या?" मुलीचा हात आपोआप मानेमागे गेला. बट होती. "आत्ता एक आजी येऊन गेल्या," बाई आता हसू आवरत होत्या. "त्यांची मुलगी हरवलीय म्हणाल्या. मी म्हटलं, भोंग्यावरून पुकारते. तर नको म्हणाल्या. मोठ्या हुद्द्यावर आहे, चारचौघांत नाव पुकारलं की लाजेल. म्हणाल्या, ती घाबरली की आधी सैरावैरा हिंडेल, मग तिला आठवेल आणि ती जागेवर जाऊन उभी राहील. तिला शिकवलंय. तोवर मी एक फेरी मारून येते."

मुलीनं नियम बरोबर लक्षात ठेवला होता. त्यातली हरवलेली कोण आणि शोधणारी कोण, एवढंच तिनं परस्पर बदलून टाकलं होतं. कधी बदललं? आईचा पहिला दात काढला तेव्हा? की पर्स काढून घेतली तेव्हा? आईनं मात्र काहीच बदललेलं नव्हतं. ती चालून बघायला गेली, परत आली, बाकावर लेक नव्हती. झालं, लेक हरवली. तशी ती हरवलीच होती की. बॅगांच्या ढिगामागे, दबक्या आवाजात. जाग्यावरून आधी हलली ती हीच.

ती वर गेली आणि बाकावर जाऊन बसली. जुन्या बुटांच्या शेजारी. बूट बाहेरच्या बाजूनं झिजलेले, आत टाचेचा खळगा पडलेला, चामडं मऊ. बसणं हिंडण्याहून कितीतरी अवघड होतं. प्रत्येक क्षणाला उठावंसं वाटत होतं. ती जिन्याच्या तोंडाशी असेल, रस्त्यावर गेली असेल, कुणी ढकललं असेल. पिशवीत फोन थरथरला. दादाच असणार. तिनं तो थरथरू दिला. विक्रेत्यानं विचारलं, "काही मदत?" ती म्हणाली, "नको, मला न्यायला येतायत." आणि हे म्हणताच तिच्या आत कुठंतरी इतक्या वर्षांची एक मूठ उघडली. उन्हातली टाकी, चुना, लघवीची कळ, आई विसरली असेल ही भीती, सगळं जसंच्या तसं आलं. पण या खेपेला त्याच्याबरोबर तेव्हा तिला माहीत नसलेली गोष्टही आली, की आई येते. ठरवायचं, बघायचं, टिपून ठेवायचं असं काही तिच्याकडे उरलं नाही. पन्नाशीची बाई दोन्ही पाय जुळवून, पाठ ताठ करून, बुटांच्या दुकानात शहाण्यासारखी बसून राहिली.

आणि आई आली. खोक्यांच्या दोन रांगांमधून, लांब ढांगा टाकत, गुडघा अडतोय तर अडू दे अशा तोऱ्यात, नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांनी गुळगुळीत फरशी करकरवत. अंगात पिवळाधमक स्वेटर होता. त्या सबंध दुकानात तेवढं पिवळं दुसरं कुणी नव्हतं. तो मैलावरूनही दिसला असता. मुलीला हसू आलं आणि त्यातच डोळे भरून आले, आणि ती उठून उभी राहिली. आईनं जवळ येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली.

"शाब्बास," ती म्हणाली. मग लगेच, "पण आधी हललीस का?"

"दादाचा फोन होता."

"ते कळलं मला. बॅगांच्या मागे काय, कुजबुज काय. मी तिथवर आले तर तू गायब. सकाळपासून माझी परीक्षा चाललीय, मला समजत नाही का? जन्म गेला माझा पोरांच्या परीक्षा घेण्यात." आई बाकावर बसली. पाय बाकावर घेऊन तिनं सुटू आलेली लेस ओढली, फेर घातला, तो पहिल्याच खेपेला बसला, आणि वर तिनं आणखी एक गाठ मारली. "कितीत पास केलंस?"

मुलीनं उलट विचारलं, "त्या दिवशी बसनं गेलीस तेव्हा तू खरंच हरवली होतीस का गं?"

आईनं लेसचं टोक बुटात खोचलं. "हो," ती म्हणाली. "चांगलीच. चुकीच्या बसमध्ये चढले, उतरले तिथलं काही ओळखीचं वाटेना. पाचावर धारण बसली माझी. मग एका दुकानाच्या पायरीवर बसले. म्हटलं, हलायचं नाही. बसले बसले, आणि हळूहळू सगळं जागेवर आलं. मग बस विचारली आणि आले घरी."

"म्हणजे सापडलीस कुणाला?"

"मलाच की!" आई म्हणाली. "दुसरं कोण होतं तिथं? हरवायचं काय घेऊन बसलात, हरवतात सगळेच. आता तूच बघ. तुम्हाला तेव्हा खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला शोधायला लागला असता, मी घरात असताना." तिनं जुने बूट उचलून मुलीच्या हातात दिले. "हे घे. पिशवी जड आहेच, आणखी थोडी होईल."

फोन पुन्हा थरथरला. मुलीनं तो आईसमोरच घेतला, बाकापाशी उभं राहून, मोठ्या आवाजात. विक्रेत्यानं वळून बघितलं तरी आवाज कमी केला नाही. "दादा, आई तिच्या घरीच राहणार आहे," ती म्हणाली. तिकडून दादा बराच वेळ काहीतरी म्हणत राहिला. "हो, आज हरवण्याचा प्रकार झाला," ती म्हणाली. "मी हरवले होते. तिनं मला शोधून काढलं. शर्टाच्या बटणापासून सगळी माहिती दिली तिनं माझी. तुझी देऊ का? तिला तोंडपाठ असेल." मग तिकडून हळूच प्रश्न आला, आई कशी आहे? मुलीनं समोर बघितलं. खरोखर बघितलं. "छान दिसतेय," ती म्हणाली. "पिवळा स्वेटर घातलाय."

पैसे देऊन त्या उतरायच्या सरकत्या जिन्याशी आल्या. खाली तळमजल्यावर चौकशीच्या बाई मान उंच करून त्यांच्याचकडे बघत होत्या. आई पायरीशी थांबली आणि तिनं हात पुढं केला.

"धर," ती म्हणाली.

"का गं? आता भीती वाटते होय?"

"मला कशाला वाटेल?" आई म्हणाली. "तू हरवतेस." आणि मुलीचा हात घट्ट धरून तिनं पहिला पाय टाकला.